एकशे त्रेपन्नची जोडी

१

गुरुवारी सकाळी साडेअकराला, बाहेरून आलेल्या तीन परीक्षकांच्या डोळ्यांदेखत, एकशे त्रेपन्नावर काहीही दिसलं नाही.

पडद्यावर सत्त्याहत्तरची रेघ ताठ उभी होती. तिच्या उजवीकडे, जिथे दिव्या सूर्यवंशीने गेले सव्वादोन महिने दुसरी रेघ पाहिली होती, तिथे सपाट माळरान. दिव्याने नळीतला वायू वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला. प्रयोगशाळेतले पंप घरघरत होते.

"चव्वेचाळीस दिवस दिसलेली गोष्ट नेमकी आजच कशी दिसत नाही?" थोरल्या परीक्षकांनी विचारलं. "आकडे बनवले नाहीत ना, बाई?"

दिव्याने नोंदींची वही त्यांच्यापुढे सरकवली. लातूरहून पिंपरीत आलेल्या एका प्रेस ऑपरेटरची ही मुलगी, घरातली पहिली पदवीधर. चार वर्षं घासून पीएचडीच्या तोंडाशी आली होती. एकशे त्रेपन्नच्या रेघेवर तिचा शोधनिबंध छापायला गेला होता. आता परीक्षक पुढच्या शुक्रवारी परत येणार होते, आणि तोवर खुलासा मिळाला नाही तर पीएचडी रद्द होणार होती. ती गेलीच, तर वर 'खोटे आकडे देणारी' हा शिक्का जन्मभर राहणार होता.

प्रयोगशाळेचे संचालक डॉ. सयाजी भोंडवे यांनी पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडलं आणि तिथूनच एक फोन लावला.

"ओव्हाळ मॅडम, आमच्याकडे एक रेघ चोरीला गेलीय. याल का?"

२

आम्रपाली ओव्हाळ सोमवारी थेरगावहून स्कूटरवर निघाली आणि चाकणच्या चौकातल्या ट्रॅफिकने तिचा पाऊण तास खाल्ला. वय चोपन्न. सव्वीस वर्षं तिने गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये क्वालिटीत काढली होती. ब्रेक का निकामी झाला, कुठल्या शिफ्टमधल्या कुठल्या हाताने कुठला बोल्ट ढिला ठेवला, हे शोधणं तिचं काम. आता नोकरी सोडून ती स्वतंत्रपणे तेच करायची. रसायनशास्त्राशी तिचा संबंध बारावीत संपला होता, तोही काठावर पास होऊन.

प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याची एक मोठी शेड. शेजारी फोर्जिंगचा कारखाना. त्याचा हातोडा पडला की टेबलावरचा चहा थरथरायचा. शेडच्या मधोमध माणसाच्या दुप्पट लांबीची स्टीलची नळी आडवी पडली होती.

"मला अडाणी समजून सांग," ती दिव्याला म्हणाली. "खरोखरच अडाणी आहे मी यातली."

दिव्याचे डोळे सुजलेले होते, पण नळीविषयी बोलायला लागल्यावर तिचा आवाज सरळ झाला. "या नळीतून हेलियम वाहतो. त्यात आम्ही पाण्याचे आयन सोडतो, म्हणजे एक जादा प्रोटॉन घेतलेले पाण्याचे रेणू. मग मध्येच या बारीक नळीने दुसरा वायू आत सोडतो. त्या वायूच्या रेणूला प्रोटॉनची ओढ पाण्यापेक्षा जास्त असेल, तर दोघे भेटताच प्रोटॉन तिकडे जातो."

"चांगल्या पगाराची कंपनी दिसली की माणूस उडी मारतो, तसं."

दिव्या चार दिवसांत पहिल्यांदा हसली. "तसंच. आणि उडी मारली की वजन बदलतं. नळीच्या टोकाला आम्ही फक्त वजन मोजतो. माझा वायू म्हणजे गाड्यांच्या रंगात असतं त्या एका द्रावकाची वाफ. त्याच्या रेणूचं वजन शहात्तर. एक प्रोटॉन घेतला की सत्त्याहत्तर."

"आणि एकशे त्रेपन्न?"

"जोडी. दोन रेणू मिळून एकच प्रोटॉन धरतात. शहात्तर दुणे एकशे बावन्न, अधिक एक. इतक्या विरळ वायूत अशी जोडी जमायलाच नको. पण जमत होती, मॅडम. मी खोटं बोलायलेय का? आणि गंमत म्हणजे, वायू दुप्पट केला तर जोड्या चौपट व्हायला पाहिजेत. माझ्या दुप्पटच व्हायच्या. म्हणून तर ते नवीन वाटलं."

आम्रपालीने वहीत लिहिलं: चौपट हवं, दुप्पट झालं. मग थांबून ती म्हणाली, "तू आकडे बनवले नाहीस."

"कशावरून?"

"घरी बसून आकडे बनवणारी बाई चौपटच लिहील. पुस्तकाला न पटणारा खोटा आकडा कोण कशाला लिहील? पकडून घ्यायला?"

दिव्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पण आम्रपालीचं लक्ष आता दुसरीकडे होतं. रेघ खरी होती, तर ती गुरुवारी कुणीतरी पुसली होती. "आदल्या दिवशी शेवटी या नळीला कुणी हात लावला?"

दिव्याने आवाज खाली आणला. "प्रज्वलने."

३

प्रज्वल तावडे दिव्याचा सहकारी. दोघांची पीएचडी एकाच वर्षी सुरू झालेली, आणि प्रयोगशाळेत पुढची कायम जागा एकच. तो मूळचा चिपळूणचा. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचा, आणि हे आम्रपालीला आवडलं.

"बुधवारी संध्याकाळी तू एकटाच इथे होतास?"

"दर बुधवारी असतो. वायूची बारीक नळी तापवून साफ करायची पाळी माझी. त्या दिवशीही तेच केलं. रजिस्टरमध्ये सही आहे."

"दिव्याच्या आकड्यांबद्दल तक्रार कुणी केली होती?"

"मी." तो जराही अडखळला नाही. "नोव्हेंबरात. लेखी, सहीसकट. दुप्पट होणारी जोडी मला पटत नव्हती. अजूनही पटत नाही. पण तिच्या पाठीमागे काही केलं नाही मी. कॉपी तिलाच आधी दिली होती."

निनावी पत्रं लिहिणारे आम्रपालीने ढीगभर पाहिले होते. सही करून शत्रुत्व घेणारा माणूस नळीत काड्या करत नाही, असं तिचं मत होतं. पण मत म्हणजे पुरावा नव्हे, हेही तिचंच मत होतं.

"वायू न सोडता कोरी नळी मोजून पाहता की नाही तुम्ही?"

"त्याला आम्ही ब्लँक म्हणतो. दर आठवड्याला होतो, न चुकता. नुसता हेलियम सोडायचा. एकशे त्रेपन्नावर प्रत्येक वेळी शून्य. तिथे मात्र दिव्याची बाजू पक्की आहे, मान्य करायलाच हवं."

संचालकांच्या खोलीत सयाजीरावांनी कपाळाला हात लावलेला होता. रावेतच्या जुन्या शेतकरी घराण्यातला हा माणूस, एक्स्प्रेसवेला गेलेल्या जमिनीच्या पैशातून मॉल न बांधता ही नळी बांधून बसला, म्हणून भावकीत वेडा ठरलेला. "ताई, पोरगी खोटारडी निघाली तर लॅब बंद होईल. पोरगा खोटारडा निघाला तरी होईल. तुम्ही मला तिसरं काही शोधून द्या."

"शोधून द्यायचं नसतं, सर. असलं तर सापडतं."

परत येताना ती नळीशी थांबली. बारीक नळी जिथून उघडते, त्या तोंडाजवळ स्टीलचं एक छोटं टेबल होतं. त्यावर रुपयाएवढा काळा डाग. तिने बोट फिरवलं, काजळी लागली. मग सहज वर पाहिलं. छतावरच्या धुराच्या अलार्मला कुणीतरी दुधाची रिकामी पिशवी घालून रबरबँडने बांधून टाकलं होतं.

४

"ते व्हय? ते मीच बांधलंय," किसन म्हणाला. "उगाच बोंबलतंय धुळीनं."

किसन शिंदे खेडच्या बाजूचा. वय साठीच्या आसपास. प्रयोगशाळेतले सिलिंडर, पंप, नळ्या यांची देखभाल त्याच्याकडे. सगळे त्याला मामा म्हणायचे. उजव्या हाताची दोन बोटं नव्हती.

"प्रेसमध्ये?" आम्रपालीने विचारलं.

"भोसरीत. एकोणीस वर्सं झाली." त्याने चहाचा कप डाव्या हातात घेतला. "तुमी कंपनीतल्या दिसता. हितली मान्सं बोटाकडं बघत न्हाईत, बघितलं तर इचारत न्हाईत."

"सकाळी पहिलं कोण येतं?"

"मीच. सातला. साडेनवाला साहेब लोक येत्यात. तवर नळीचं त्वांड उघडून ठिवायचं, जुनी बाटली काढायची, नवी लावायची, पंप चालू. आणि पंप म्हणाल तर दसऱ्यापासून एकदा बी बंद पडला न्हाई बगा. त्याच्या आदी आठवड्याला दोनदा बसायचा. पोरगी रडायची हितं बसून."

"गेल्या गुरुवारच्या भानगडीबद्दल तुम्हाला कुणी काही विचारलं का?"

किसन हसला. "मला कोन काय इचारनार? मी त्यातला न्हाई."

संध्याकाळी घरी आम्रपालीने दिव्याची वही उघडली. चव्वेचाळीस दिवसांच्या नोंदी, सगळ्या फक्त तारखांनी. आम्रपालीला नुसत्या तारखेचा राग होता. सोमवारचा माल आणि शनिवारचा माल एक नसतो, हे कारखान्यातलं शेंबडं पोरही सांगेल. कागदावर मात्र दोन्ही सारखेच दिसतात. तिने कॅलेंडर समोर ठेवलं आणि प्रत्येक तारखेपुढे वार लिहायला घेतला.

दहा-बारा ओळी झाल्यावर तिची पेन्सिल थबकली. सगळ्या ओळी संपवून तिने सयाजीरावांना फोन लावला.

"सर, ब्लँक कुठल्या वारी घेता?"

"गुरुवारी. का हो?"

"गुरुवारीच का?"

"अहो, चाकणात गुरुवार म्हणजे रविवार. शेजारचा हातोडा बंद, व्होल्टेज स्थिर. कोरं माप नाजूक असतं. त्यासाठी तर बुधवारी संध्याकाळी नळी तापवून ठेवतो. कामगारांची सुट्टी गुरुवारी, आमची रविवारी. परीक्षकांनाही मुद्दाम गुरुवारच दिला."

"आणि किसनमामा गुरुवारी येतात?"

"छे. त्यांची सुट्टी. तुम्ही काय विचारताय मला कळत नाहीये."

"मला कळायला लागलंय," आम्रपाली म्हणाली. "उद्या बुधवार असेल तर फार बरं होईल."

"उद्या मंगळवार."

"मग परवा."

५

बुधवारी सकाळी सातला डिसेंबरची थंडी शेडच्या पत्र्यातून खाली उतरत होती. आम्रपाली दारातच उभी राहिली.

किसनने पायातल्या चपला बाहेर काढल्या होत्या. नळीचं तोंड उघडं होतं. शेजारच्या टेबलावर त्याने खिशातून काढलेल्या कापराच्या चार वड्या चमच्यात ठेवल्या आणि काडी ओढली. ज्योत वर आली. तीन बोटांच्या हाताने त्याने चमचा नळीपुढे ओवाळला, मग टेबलावर ठेवला, आणि डोळे मिटले. उरलेल्या वड्यांची डबी नळीच्या तोंडाशी उघडीच होती.

आम्रपालीच्या घरी पूजाअर्चा नसते. पण माणूस हात जोडून उभा असताना मध्ये बोलू नये, एवढं तिला कळत होतं. ज्योत विझेपर्यंत ती थांबली.

"मामा."

किसन दचकला. मग चोरी पकडल्यासारखा खाली बघत राहिला. "साहेबांना नगा सांगू. धूर चालत न्हाई म्हन्त्यात. खंडेनवमीला बी नुसता हार घालू दिला लांबून. सगळ्या पट्ट्यात मशिनी पुजल्या, आन् हिची तेवढी न्हाई. पंप तर सारखा बसत हुता. पोरगी म्हनायची, मामा, माझं वर्स वाया चाललं. ज्या दिवशी माजी बोटं गेली ना, त्या दिवशी मी प्रेसला हात न जोडताच बसलो हुतो. म्हनून दसरा झाला आन् दुसऱ्या दिवसापासनं चालू केलं. तिच्यासाठनंच केलं."

"रोज?"

"गुरुवार सोडून."

आम्रपालीला त्या क्षणी आपल्या कामाचा मनापासून तिटकारा आला.

साडेनऊला तिने सगळ्यांना नळीभोवती बोलावलं. किसनलाही, तो नको नको म्हणत असताना. वहीतलं पान तिने टेबलावर ठेवलं.

"दिव्याच्या चव्वेचाळीस दिवसांत गुरुवार एकही नाही. तिची रेघ शुक्रवारी सगळ्यात ठेंगणी, बुधवारी सगळ्यात उंच. दर आठवड्याला. पुन्हा शुक्रवारी ठेंगणी. रेणूंना वार कळतो का? नाही. म्हणजे नळीत काहीतरी रोज थोडं थोडं साठतं, बुधवारी संध्याकाळी प्रज्वल तापवतो तेव्हा उडून जातं, आणि गुरुवारी भर पडत नाही. पहिली रेघ तीन ऑक्टोबरची, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची. तुमचे ब्लँक सगळे गुरुवारचे. परीक्षकही गुरुवारीच आले. शून्य दिसणार नाही तर काय? नळी सगळ्यात स्वच्छ असते तेवढाच दिवस तुम्ही तिला तपासत होता."

"पण काय साठतं?" सयाजीरावांनी विचारलं.

किसन रोज सकाळी काय करतो ते आम्रपालीने दोन वाक्यांत सांगितलं आणि ती प्रज्वलकडे वळली. "कापराच्या रेणूचं वजन किती?"

"कापूर? दहा कार्बन, सोळा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. एकशे वीस आणि सोळा, एकशे छत्तीस, आणि सोळा..." त्याचा आवाज हळू होत गेला. "एकशे बावन्न."

"आणि त्याला प्रोटॉनची ओढ?"

उत्तर दिव्याने दिलं. "पाण्यापेक्षा खूप जास्त. माझ्या द्रावकापेक्षाही. तो प्रोटॉन घेणारच. एकशे त्रेपन्न."

मग दिव्या स्वतःच उठली. तिने आपल्या वायूची बाटली बंद करून काढून ठेवली, नुसता हेलियम त्याच बारीक नळीतून सोडला, बुधवारी, न तापवलेल्या नळीतून, आणि पडद्याकडे बघत राहिली.

सत्त्याहत्तरवर काही नव्हतं. एकशे त्रेपन्नावर रेघ हळूहळू वर चढली आणि ताठ उभी राहिली.

६

"दुप्पट," दिव्या म्हणाली. "वायू दुप्पट सोडला की तो नळीतून दुप्पट कापूर ओढून आणणार. कापराला जोडी लागतच नाही. एकट्याचीच उडी. म्हणून चौपट नाही, दुप्पट." ती प्रज्वलकडे वळली. "तुला पटत नव्हतं ते बरोबर होतं. आणि मी तुझ्यावर संशय घेतला."

"मीही तुझ्यावर घेतला," प्रज्वल म्हणाला. "आणि ब्लँकचा वार माझ्याही डोक्यात आला नाही. चार वर्षं सही करतोय मी त्याच्यावर."

किसनला वजनांचं गणित कळलं नव्हतं, पण चेहरे कळत होते. तो भिंतीला टेकला. "म्हंजे पोरीचं वाटुळं मी केलं."

आम्रपालीला याच क्षणाची भीती होती. दिव्याला तिने खोटेपणाच्या आरोपातून सोडवलं होतं, पण त्याच हाताने तिचा शोधही काढून घेतला होता. जोडी नव्हतीच. सव्वादोन महिने एक मुलगी कापराच्या वाफेवर आयुष्य बांधत होती. आता ती या म्हाताऱ्यावर ओरडली असती, तर आम्रपालीने तिला दोष दिला नसता.

दिव्या ओरडली नाही. ती बाहेर गेली आणि फोर्जिंगच्या भिंतीला लागून अर्धा तास एकटीच बसली. रडून घेतलं, तोंड धुतलं आणि आत आली.

गुरुवारी सयाजीरावांनी परीक्षकांसाठी खुलासा तयार केला. त्यात एक ओळ होती: कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या अंधश्रद्धेमुळे प्रयोग दूषित झाला, संबंधिताला कामावरून कमी करण्यात येत आहे.

"सर, यावर मी सही करणार नाही," दिव्या म्हणाली.

"अगं, तुझंच नाव वाचतंय यात! लॅबमध्ये धूर करायचा नाही हे त्यांना दहादा सांगितलं होतं. खोटं काय आहे?"

"खोटं नाही. अर्धं आहे." तिने कागद उलटा केला. "आज शिक्का लागायची पाळी माझी होती. ती मामांवर ढकलून मी सुटू का?"

सयाजीरावांनी आम्रपालीकडे पाहिलं. आम्रपाली खिडकीबाहेर बघत होती. या बाबतीत तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी तिने दिव्याचीच बाजू घेतली असती.

शुक्रवारी दिव्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला खुलासा परीक्षकांपुढे उभं राहून वाचला. कापूर कसा आला, ते त्यात होतं, वारांचा तक्ता होता, बुधवारचा ब्लँक होता. शेवटी लिहिलं होतं: 'ब्लँक एकाच वारी घेण्याची पद्धत मी न तपासता पाळली. नळी रोज कोण उघडतं आणि उघडी असताना तिथे काय होतं, हे मी त्या माणसाला एकदाही विचारलं नाही. चूक माझी आहे. निबंध मी परत घेत आहे.'

थोरल्या परीक्षकांनी कागद खाली ठेवला. "म्हणजे आता तुमच्या हातात काहीच उरलं नाही."

"नाही, सर."

"गेल्या आठवड्यात मी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता. आकडे बनवण्याबद्दल. तो मी मागे घेतो. पुन्हा मोजायला एक वर्ष देऊ. पुरेल?"

दिव्याने मान हलवली. दाराबाहेर उभ्या असलेल्या किसनला आतलं ऐकू आलं नव्हतं. तो राजीनाम्याचा अर्ज घडी घालून घेऊन आला होता. दिव्याने तो घेतला, न वाचता पर्समध्ये टाकला आणि त्याच्या हातात प्रयोगशाळेचं नवं रजिस्टर दिलं. वारासकट तारखेचा रकाना, आणि त्याच्या पुढचा पहिलाच रकाना त्याच्या नावाचा.

"रोज सातला तुम्ही जे जे कराल ते इथे लिहायचं, मामा. त्याशिवाय मी मोजायला बसणार नाही."

"माजं आक्षर लई वंगाळ हाय."

"चालतंय."

शनिवारी साडेनवाला ती आली तेव्हा पंप सुरू होता, नवी बाटली लावलेली होती, आणि अलार्मवरची पिशवी गेली होती. रजिस्टरच्या पहिल्या पानावर, डावीकडे कलंडलेल्या मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं:

'शनिवार. ७.१०. नळीचं तोंड उघडलं. लांबून हात जोडले. बाकी काय केलं न्हाई.'